मस्टँग माणसाळवताना: कुंपणापासून खुरापर्यंत

अमेरिकेत डेन्व्हर, फिनिक्स, डॅलसच्या आसपास ज्यांनी चार-पाच एकर जमीन घेतली आहे, अशा मराठी मंडळींकडून हल्ली एक प्रश्न हमखास येतो: ते सरकारी जंगली घोडे, म्हणजे मस्टँग, दत्तक घेता येतात म्हणे, खरं का?

खरं आहे. नेवाडाच्या व्हेल्मा जॉन्स्टन, ज्यांना सगळे ‘वाइल्ड हॉर्स अ‍ॅनी’ म्हणत, त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरलेल्या मोहिमेनंतर डिसेंबर १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी एका कायद्यावर सही केली. पश्चिमेकडच्या सरकारी जमिनींवरचे मोकळे घोडे आणि गाढवं मारायला, पकडून विकायला त्यानं बंदी आली. त्यांची संख्या मग वाढतच गेली. मार्च २०२४ च्या अंदाजानुसार रानात सुमारे ७३ हजार जनावरं होती, आणि तिथल्या चाऱ्या-पाण्यावर निभावेल असा सरकारी आकडा आहे साधारण साडेपंचवीस हजारांचा. वरचे घोडे हेलिकॉप्टरनं हाकून किंवा पाणवठ्याशी सापळा लावून पकडतात आणि ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट ही सरकारी संस्था, म्हणजे बीएलएम, ते दत्तक देते. शुल्क किरकोळ असतं. खर्च त्यानंतर सुरू होतो.

आधी एक स्पष्ट सांगते. आयुष्यात कधी घोडा हाताळलेला नसेल, तर पहिलाच घोडा म्हणून हात न लागलेला मस्टँग आणू नका. कोलोरॅडोत कॅनियन सिटीच्या तुरुंगात १९८०च्या दशकापासून कैदी हे घोडे शिकवतात. तसेच खासगी प्रशिक्षकांकडून म्होरकी घालू देणारे, पाय उचलू देणारे घोडेही मिळतात. त्यातला घ्या. शेजारी अनुभवी घोडेवाला आहे, तो रोज येऊन उभा राहायला तयार आहे आणि तुमच्याकडे सकाळ-संध्याकाळ वेळ आहे, तरच पुढचं सगळं तुमच्या कामाचं.

जागा आधी, घोडा नंतर

अर्जात जागेचा नकाशा द्यावा लागतो आणि नियमांत सूट नसते. एका घोड्याला किमान ४०० चौरस फूट, म्हणजे वीस बाय वीसचा कोरल (कुंपण घातलेला मोकळा वाडा). दीड वर्षावरच्या, न माणसाळलेल्या घोड्यासाठी कुंपण सहा फूट उंच लागतं. त्याहून लहान शिंगराला पाच फूट चालतं. काटेरी तार अजिबात नाही. लोखंडी पाइपचे पॅनल किंवा जाड फळ्या लावायच्या. कोरलला लागूनच छप्पर असलेला आडोसा हवा.

सहा फूट ऐकून लोक कुरकुरतात. पण घाबरलेला मस्टँग उभ्या उडीत काय करू शकतो हे एकदा पाहिलं की कुरकुर थांबते. कुंपण नुसतं उंच असून भागत नाही, ते दिसलंही पाहिजे. बारीक तार घोड्याला धावताना दिसत नाही. खिळ्यांची टोकं, पॅनलमधल्या खूर अडकेल अशा फटी, गेटची बाहेर आलेली कडी हे सगळं घोडा यायच्या आधी हात फिरवून तपासा.

आता उलट बाजू. जागा भरपूर आहे म्हणून घोडा थेट दोन एकरांच्या कुरणात सोडायचा मोह होतो. तसं करू नका. मोठ्या जागेत तो पळत राहतो, तुम्ही मागे चालत राहता, आणि पळालं की माणूस लांब राहतो एवढंच त्याला कळतं. म्होरकी धरून तो तुमच्याबरोबर शांत चालायला लागला की मग कुरण. मधल्या काळात तीस-चाळीस फुटांचा कोरल मला सर्वांत सोयीचा वाटतो. त्याला दूर जाता येतं, पण फार दूर नाही.

ज्यांच्या कॉलनीत एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, आहे त्यांनी पहिला फोन तिकडे करावा. नाहीतर वरातीमागून घोडं.

निवडताना

रंगावर भाळू नका. ओरेगॉनच्या कायगर घोड्यांचा पाठीवर काळी रेघ असलेला बदामी रंग, वायोमिंगच्या मॅकॉलो पीक्सचे पांढऱ्या ठिगळांचे घोडे, मोंटाना-वायोमिंगच्या सीमेवरच्या प्रायर माउंटनचे जुन्या स्पॅनिश रक्ताचे घोडे, यांची नावं ऐकून लोक वेडे होतात. त्यात गैर काही नाही. पण घोडे ठेवलेल्या सरकारी वाड्यासमोर तासभर उभं राहून स्वभाव बघा. माणूस जवळ आला की सगळेच घोडे पळणार. त्यातला कोणता आधी थांबतो, वळून कान टवकारतो, परत दोन पावलं पुढे येतो? तो बघा. इतरांच्या पोटाखाली तोंड खुपसून थरथरणारा घोडा वाईट नसतो, पण त्याला जास्त वेळ लागतो. कान मागे टाकून माणसाच्या दिशेनं येणारा नवख्यानं घेऊच नये.

मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीखाली पांढऱ्या केसांची खूण असते. द्रव नायट्रोजननं थंड केलेल्या लोखंडानं ती उमटवतात, त्या जागी केस पांढरे उगवतात. आकड्यांऐवजी कोनांसारख्या रेघा दिसतात: आधी सरकारी चिन्ह, मग एकावर एक जन्मवर्षाचे दोन आकडे, मग सहा आकड्यांचा नोंदणी क्रमांक. उलगडायचा तक्ता बीएलएमच्या कागदांत मिळतो. पकडलेल्या घोड्याचं जन्मवर्ष दातांवरून ठरवलेलं असतं, तेव्हा मोठ्या वयाच्या घोड्याबाबत ते अंदाजाचं समजा.

या खुणेवरून आणखी एक समजून घ्यायचं. माणसाच्या बाबतीत या घोड्याची पाटी कोरी नाही. अरुंद लोखंडी गल्लीत दाबून त्याला लस टोचली, रक्त काढलं, मानेवर खूण केली. नर असेल तर बहुधा खच्ची केलं. तुमच्याआधी त्याला भेटलेला प्रत्येक माणूस असाच होता. सारंगखेड्याच्या यात्रेत जो घोडा तुम्ही पाहिलात, तो जन्मल्या दिवसापासून माणसांच्या पायांत वाढलेला असतो. ती ओळख इथे शून्याच्याही खालून सुरू होते.

घरी आल्यावर

ट्रेलर वरून झाकलेला, मागे दार उघडणारा हवा. उतरंडीची फळी असलेला नको. ट्रेलर गेटला अगदी चिकटवून लावा, दार उघडा आणि बाजूला व्हा. हाकायचं नाही. कधी लगेच उडी मारतो, कधी अर्धा तास आतच उभा राहतो. तोवर चहा घ्या.

कोरलमध्ये पाणी आणि गवत आधीच ठेवलेलं असावं. पाणी दिवसाला पाच ते दहा गॅलन, म्हणजे वीस ते चाळीस लिटर लागतं; उन्हाळ्यात त्याहून जास्त. दाबून पाणी येणारं यंत्र नको, साधं टब ठेवा. त्यातलं पाणी किती उतरलं हे तुम्हाला दिसलंही पाहिजे. वैरण म्हणून टिमथी किंवा ऑर्चर्ड ग्रासचं वाळलं गवत, वजनाच्या दीड ते दोन टक्के. नऊशे पौंडांच्या घोड्याला रोज चौदा ते अठरा पौंड. अल्फाल्फा, म्हणजे आपला लसूणघास, आणि चंदी यांची घाई नको. पौष्टिक खाऊ घालून प्रेम दाखवायची आपली सवय इथे घोड्याच्या पोटावर आणि खुरांवर येते. पोटशूळ आणि खुरांची सूज, दोन्ही अचानक बदललेल्या भारी खाण्यानं होतात.

घरी दुसरे घोडे असतील तर नव्याला तीन आठवडे वेगळा ठेवा. बादली वेगळी, फावडं वेगळं, आणि त्याचं काम सगळ्यांत शेवटी. एप्रिल २०२२ मध्ये कॅनियन सिटीच्या सरकारी वाड्यात घोड्यांच्या फ्लूनं १४० पेक्षा जास्त घोडे गेले. त्यांतल्या बऱ्याच जणांचं लसीकरण अपुरं होतं. तुमच्या घोड्याबरोबर लशींची आणि जंतनाशकाची नोंद येते. ती पहिल्याच दिवशी पशुवैद्याला पाठवा आणि पुढची लस कधी ते ठरवून घ्या.

हात लावता येत नाही तेव्हा ताप कसा बघणार? डोळ्यांनी. नाकातून घट्ट पिवळा स्राव, जबड्याखाली सूज, टबातलं पाणी जसंच्या तसं, गवत शिल्लक, लीद कमी. निरोगी घोडा दिवसाला आठ-दहा वेळा लीद टाकतो. सकाळी ढीग मोजण्यात कमीपणा मानू नका. लीद नाही आणि घोडा सारखा कुशीकडे वळून बघतो, लोळतो, उठतो, तर लगेच फोन.

पहिले काही दिवस काम एकच: दिसत राहा. कुंपणाबाहेर खुर्ची टाका, लॅपटॉप उघडा, ऑफिसचे कॉल घ्या. वैरण तुम्हीच घाला, ठरल्या वेळी. तुम्ही आलात की गवत येतं आणि वाईट काही होत नाही, हे त्याचं त्याला जमवू द्या. हातानं गाजर-सफरचंद भरवू नका, निदान सुरुवातीला तरी नको. घाबरट घोडा खाऊसाठी धिटावतो तेव्हा आधी दात पुढे करायला शिकतो.

अंतराचं गणित

इथून पुढे जे आहे त्यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून सावकाश वाचा.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. जवळजवळ सगळीकडचं त्याला दिसतं. आंधळ्या जागा दोनच, कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या मागे. नवखा माणूस नेमका या दोन जागांतून येतो: एकतर समोरून हात पसरून, नाहीतर मागून चोरपावलांनी. तुम्ही खांद्याच्या रोखानं, थोडं तिरकं, वळण घेत चाला. नजर त्याच्या डोळ्यांत रोवू नका, पायांकडे किंवा छातीकडे ठेवा. चोरपावलं नकोतच; शिकारी तसा चालतो. नेहमीच्या चालीनं चाला, तोंडानं काहीतरी बोलत राहा. मराठीत बोला, त्याला चालतं.

प्रत्येक घोड्याभोवती एक अदृश्य रेघ असते. ती ओलांडली की तो निघतो. तुमचं काम ती रेघ ओळखणं आणि तिच्या अलीकडे थांबणं. तो मान वर करतो, श्वास धरतो, तुमच्याकडचा कान ताठ करतो, वजन पलीकडच्या पायांवर टाकतो. ही झाली रेघ. तिथे थांबा. तो जरा सैल पडला, डोळे मिचकावले, मान दोन इंच खाली आली, नाकातून फुर्र केलं, की तुम्ही पाठ वळवून तीन-चार पावलं मागे जा.

मागे जाणं हाच त्याचा पगार. तुमच्या जवळ येण्याचा त्याच्यावर दाब असतो, आणि तो ज्या क्षणी सुटतो, त्या क्षणी घोडा जे करत होता ते तो शिकतो. तो उभा असताना तुम्ही मागे गेलात तर उभं राहायला शिकतो. तो पळाल्यावर तुम्ही ‘बरं बाबा, राहू दे’ म्हणून मागे गेलात, तर पळायला शिकतो. म्हणून तो निघायच्या आधी मागे व्हायचं. आणि निघालाच, तर ओरडा नाही, पाठलाग नाही. तुम्ही आहात तिथेच शांत उभे राहा, तो थांबला की मग मागे जा.

ओठ चाटणं, तोंड चघळणं दिसलं की लोक आनंदतात. तो ताण उतरल्याचा इशारा असतो, हे बरोबर. पण याचा अर्थ त्याआधी ताण होता, हेही लक्षात ठेवा. दर मिनिटाला तोंड चघळणारा घोडा खुशीत नसून तुम्ही त्याला वरचेवर ताणताय.

दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. जास्त नको. घड्याळाकडे बघत ‘आज हात लागलाच पाहिजे’ म्हणून आत जाणार असाल तर बाहेरच बसा. काही घोडे आठवड्यात हात लावू देतात, काही महिना-दोन महिने घेतात. शेजाऱ्याचा घोडा काय करतो याच्याशी तुमचा संबंध नाही.

सुरक्षेचं थोडक्यात. हेल्मेट, टाचेचे बूट, खिशात फोन, कुंपणाबाहेर दुसरं माणूस. बाहेर पडायची वाट तुमच्या पाठीशी असावी, घोड्याच्या नव्हे. त्याला कोपऱ्यात कोंडू नका. कोंडलेला घोडा लाथ मारतो ती रागानं नाही, दुसरा रस्ता उरत नाही म्हणून. दोर कधीच हाताला गुंडाळायचा नाही, कधीच.

पहिला स्पर्श

हात पोहोचायच्या आधी काठी पोहोचते. दहा-बारा फुटांचा हलका बांबू घ्या आणि त्याच्या टोकाला मऊ फडकं बांधा. मस्टँगवाल्यांमध्ये ही जुनी पद्धत आहे. मारायचा, हाकायचा संबंध नाही. बांबू म्हणजे तुमचा लांब केलेला हात. तुम्ही लाथेच्या टप्प्याबाहेर राहता आणि घोड्याला माणूस लांब असतानाच स्पर्श कळतो.

टोक आधी त्याला हुंगू द्या. मग वाशिंडावर, म्हणजे मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यावर, हलकेच टेकवा आणि खाजवा. जागा तीच का? घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ते तिथेच. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्सच्या कामार्ग घोड्यांवरच्या एका अभ्यासात या जागी खाजवल्यावर हृदयाचे ठोके मंदावलेले आढळले. आपण मात्र चित्रपटात बघून थेट नाकावर हात ठेवायला जातो. नाक शेवटी.

पहिल्यांदा तो दचकेल, दोन पावलं सरकेल. जमलं तर बांबू उचलू नका, त्याच्याबरोबर चाला, तो थांबला की बांबू काढा. असं करत करत एक क्षण येतो. वरचा ओठ हळूहळू लांबतो, पुढे येतो, एका बाजूला वळतो. मान तिरकी होते, डोळा अर्धा मिटतो. कोलोरॅडोच्या सॅन्ड वॉश बेसिनमधून आलेली आमची घोडी तर चक्क वाशिंड बांबूवर रेटायची. हे दिसलं की अजून दहा वेळा खाजवायचा मोह आवरा आणि बांबू काढा. त्याला अजून हवं असतानाच तुम्ही थांबलात, तर उद्या तो वाट बघतो.

मग बांबू दर दिवशी थोडा जवळून धरा. दहा फुटांचे सहा, सहाचे तीन, आणि एके दिवशी बांबूबरोबर तुमची बोटंही वाशिंडावर असतात. बोटांनी खाजवा, थोपटू नका. माणसाला थोपटणं आवडतं, घोड्याला नाही.

डावीकडून सगळं जमलं की उजवीकडे जा आणि पहिल्यापासून सुरू करा. एका बाजूनं ओळखीचा झालेला माणूस दुसऱ्या डोळ्याला पुन्हा परका वाटतो. उजवी बाजू सहसा लवकर होते, पण वगळून चालत नाही.

म्होरकी आणि गळ्यातली चकती

बीएलएमचे घोडे गळ्यात दोरी आणि तिला अडकवलेली नंबराची चकती घेऊन येतात. ती काढायची घाई झालेली असते सगळ्यांना, फोटोत चांगली दिसत नाही म्हणून. मोठ्या घोड्याच्या बाबतीत थांबलं तरी चालतं. शिंगराच्या बाबतीत मात्र मान वाढते आणि दोरी तेवढीच राहते. रोज बोटभर सैल आहे ना ते डोळ्यांनी बघा. मानेवर दोन्ही हात आरामात फिरू लागले की बोथट टोकाच्या कात्रीनं दोरी कापा. चकती कागदांबरोबर ठेवा.

म्होरकी नायलॉनची, रुंद पट्ट्याची, दुहेरी शिवणीची. आधी ती वाशिंडावर, मानेवर, गालावर घासा. मग दोर मानेवरून पलीकडे टाका आणि काढा, दोन्ही बाजूंनी, त्याला कंटाळा येईपर्यंत. मग नाकाचा पट्टा मोठा उघडा धरून खालून वर आणा. घोडा स्वतः नाक आत घालेल इतपत थांबता आलं तर पुढची कितीतरी भांडणं वाचतात. काही जण म्होरकीला लांब सुती दोर लावून कोरलमध्ये तो ओढत फिरू देतात. स्वतःच्याच पायानं दोर दाबला की मान खाली करायला घोडा शिकतो, हे खरं. पण तुम्ही समोर बसलेले असाल तेव्हाच. रात्री म्होरकी काढा. कुंपणात अडकलेली नायलॉनची म्होरकी तुटत नाही, घोड्याची मान मोडते.

चालायला शिकवताना पुढे ओढू नका, तुमच्यापेक्षा तो पाच-सहा पट जड आहे. बाजूला उभं राहून दोर किंचित ताणा आणि तसाच धरा. त्याचं नाक तुमच्याकडे एक इंच वळलं की दोर सैल. मग दोन इंच. मग एक पाऊल. दाबाला मान देणं पक्कं होईपर्यंत खांबाला बांधायचं नाही. बांधाल तेव्हा वाशिंडाच्या उंचीवर, हातभर दोर ठेवून, एका ओढीत सुटणाऱ्या गाठीनं.

खरारा

खरारा म्हटलं की लोकांना चकाकणारी कातडी आठवते. नव्या मस्टँगचा खरारा चकाकीसाठी नसतो. पशुवैद्य, नालबंद, खोगीर, माश्यांचं औषध, जखमेवरची पट्टी, पुढे आयुष्यात जे जे अंगाला लागणार आहे त्या सगळ्याची तालीम खराऱ्यात होते. त्यामुळे घोडा धुळीनं माखलेला राहिला तरी चालेल, पण तुम्ही थांबाल तेव्हा तो सैल उभा असला पाहिजे.

साहित्य थोडं लागतं: मऊ ब्रश, कडक ब्रश, रबरी खरारा, खूर साफ करायचा आकडा, जुना टॉवेल. लोखंडी दात्यांचा खरारा नको. क्रम हातापासून सुरू होतो. हात, मग हातात टॉवेल, मग मऊ ब्रश, मग रबर, सगळ्यात शेवटी कडक ब्रश. प्रत्येक नवी वस्तू आधी हुंगू द्या आणि वाशिंडावर टेकवा. तिथून ती मानेकडे, खांद्याकडे, पाठीवर न्या. तो ताठ झाला की मागच्या, पसंत असलेल्या जागेवर परत या. सवयीच्या जागेतून नव्या जागेत डोकवायचं आणि परत यायचं.

रबरी खरारा गोल गोल फिरवून मळ वर आणायचा, कडक ब्रशनं केसांच्या दिशेनं झटकायचा, मऊ ब्रशनं शेवटचा हात. हाडं वर असलेल्या जागी, गुडघ्याखाली आणि तोंडावर, रबर आणि कडक ब्रश वापरू नका. पोट आणि कुशी गुदगुल्यांच्या; तिथे पिसासारखा हलका हात त्याला माशीसारखा वाटतो आणि लाथ येते. तळवा सपाट, ठाम ठेवा. शेपटीकडे जाताना हात अंगावरून न उचलता पुठ्ठ्यावरून सरकवा, आणि मागे नव्हे, मांडीला लागून बाजूला उभे राहा. शेपूट घट्ट दाबलेली असेल तर त्या दिवशी तिथपर्यंतच.

हिवाळ्यात मस्टँगचे केस दाट असतात. त्यांतला तेलकटपणा बर्फ-पाऊस अडवतो, म्हणून थंडीत आंघोळ नाही आणि फार खोल घासणंही नाही. वसंतात केसांचे पुंजके सुटतात, तेव्हा त्यालाच खाजवून हवं असतं. नवा, घाबरट घोडा आणला आणि केस गळायचे दिवस असतील, तर तुमचं नशीब जोरावर आहे; निम्मं काम खाज करते.

आयाळीत कुसळं आणि काटे गुंतलेले असतात. कापू नका. खनिज तेल किंवा बेबी ऑइल चोळा, एक-दोन बटा दर दिवशी बोटांनी सोडवा. एका बैठकीत सगळी आयाळ सोडवायला गेलात तर ओढ बसते आणि मान हाताशी यायची बंद होते.

हात फिरत असताना डोळेही चालू ठेवा. आयाळीच्या मुळाशी, जबड्याखाली, पुढच्या पायांच्या बेचक्यात आणि शेपटीच्या मुळाशी गोचीड असते. उन्हाळ्याच्या शेवटी पुढच्या पायांच्या केसांना पिवळसर बारीक दाणे चिकटलेले दिसले तर ती बॉट माशीची अंडी. खरवडून काढा, घोड्यानं चाटली की अळ्या पोटात जातात. बरगड्या नुसत्या दिसतात की हाताला लागतात, हेही याच वेळी कळतं. टेक्सासच्या डॉन हेन्नेके यांनी १९८३ मध्ये मांडलेलं एक ते नऊ गुणांचं माप पशुवैद्य वापरतात. पाचच्या आसपास घोडा असावा, बरगड्या दिसत नाहीत पण बोटांना लागतात असा.

छातीभोवती फीत फिरवता आली की वजनाचा अंदाज काढा. छातीचा घेर इंचांत, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ३३०, उत्तर पौंडांत. घेर ६८ आणि लांबी ६४ असेल तर साधारण ८९७ पौंड, म्हणजे ४०७ किलो. जंतनाशकाचा डोस आणि वैरण यावरूनच ठरवा, डोळ्यांच्या अंदाजानं नको. फितीचा आणखी एक फायदा: पुढे खोगिराचा तंग आवळायचा असतो तिथेच ती जाते.

स्प्रेच्या बाटलीला घोडे ब्रशपेक्षा जास्त घाबरतात, त्या फुस्स आवाजामुळे. आधी साधं पाणी भरा, जमिनीवर फवारा, तो उभा राहिला की बंद. मग खुराशी, मग खांद्यावर. चेहऱ्यावर कधीच फवारू नका. औषध कापडाला लावून पुसा.

खूर

रानातल्या दगडांवर खूर आपोआप झिजतात. सरकारी वाड्याच्या मऊ जमिनीत झिजत नाहीत, त्यामुळे घरी आलेल्या घोड्याचे खूर बहुधा वाढलेले असतात, आणि पुढे दर सहा ते आठ आठवड्यांनी कापावे लागतात. नाल ठोकायची गरज बऱ्याच मस्टँगना पडत नाही. पण पाय देणं म्हणजे पळायचं साधन दुसऱ्याच्या हाती देणं. घाबरलेलं जनावर ते सहजी करत नाही.

पुन्हा बांबूच. हातमोजा भरून टोकाला बांधा आणि खांद्यापासून खाली पायावर फिरवा, दोन्ही बाजूंनी, चारही पाय. तो लाथ झाडेल. मोज्याला काही होत नाही. झाडणं थांबून पाय टेकला की मोजा काढा. मग मऊ सुती दोराचा सैल फास खुराच्या वरच्या खोबणीत घेऊन, दुरून पाय किंचित उचला आणि तो ओढायच्या आधी सोडा. शेवटी हात: खांद्यावरून सरकत खाली, नडगीच्या मागची शीर हलकेच दाबायची, खूर जमिनीवरून सुटला की लगेच खाली ठेवायचा. पुढचे पाय पक्के झाल्याशिवाय मागच्यांना हात नको. खूर हातातून टाकू नका, टेकवा. घोड्याला त्यातला फरक चांगला कळतो.

आकडा टाचेकडून पुढे चालवायचा, मधल्या त्रिकोणी मऊ भागाच्या दोन्ही बाजूंच्या खाचा साफ करायच्या. काळा, चिकट मळ आणि कुबट वास म्हणजे खूर सडायला लागलाय. कोरल कोरडा करा, लीद रोज उचला आणि नालबंदाला दाखवा.

नालबंद बोलावताना मस्टँग हाताळतो का, हे आधीच विचारा. घोडा शिकवणं त्याचं काम नाही, तुमचं आहे. तो येण्याआधी घोडा चारही पाय मिनिटभर देत असावा. खूर फारच वाढलेत आणि घोडा पाय देत नाही, तर कुस्ती खेळू नका. पशुवैद्याकडून गुंगी देऊन पहिली कापणी करून घ्या आणि शिकवणं सावकाश चालू ठेवा.

हे सगळं रोज लागतं. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं, या जुन्या कोड्याचं उत्तर तुम्हाला पाठ आहेच. ख्रिसमसला दोन आठवडे भारतात जाणार असाल तर मागे हाताळणारं माणूस ठेवून जा. परत आल्यावर एक-दोन पायऱ्या खाली उतरून सुरू करावं लागतं; त्यात घोड्याची चूक नाही.

वर्षानंतरचा कागद

पहिलं वर्षभर घोडा कायद्यानं सरकारचाच असतो. विकता येत नाही, दुसऱ्याला देऊन टाकता येत नाही. दुसरीकडे हलवायचा असेल, पळाला किंवा दगावला तर बीएलएमला कळवावं लागतं. मधल्या काळात तपासनीस येऊन कुंपण, पाणी, खूर आणि अंगकाठी बघून जाऊ शकतात. वर्ष पूर्ण झालं की मालकीचा अर्ज भरायचा, आणि घोड्याची नीट काळजी घेतली गेली असं पशुवैद्यानं किंवा बीएलएमला मान्य असलेल्या दुसऱ्या जाणत्या माणसानं सही करून द्यायचं. पशुवैद्याला त्यासाठी वेगळं बोलावू नका. वार्षिक लशीच्या वेळी दात आणि खूर तपासून घ्या, मानेवरची खूण कागदाशी ताडून घ्या, आणि त्याच भेटीत सही घ्या.